सदतीस नंबर

बुधवारी सकाळी जुन्या बाजारात गेले
ती पिशवीत टेप घेऊनच. बाल्कनी चार फूट दोन इंच,
दार उघडतं आत, आणि वाळत घालायची दोरी
बरोबर माझ्या खांद्याला लागते. एवढंच माप.
बाकीचं बसून बघायचं ठरवलं होतं.

एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात
गोल स्टुलावर काढली, पाठ नसलेल्या.
त्यामुळे मी आधी पाठीचं मत विचारते,
डोळ्यांचं मागाहून.

मुनाफ आतार म्हणाला, ही बघा ताई,
इराण्याच्या हॉटेलातली. वाकवलेलं लाकूड आहे.
बसले.
खुर्चीनं मला चहा संपायच्या आत उठवलं.
तिला गिऱ्हाईक हवं होतं, बिऱ्हाड नको.

मग आरामखुर्ची, लांब हातांची,
पाय वर टाकून पडायची साहेबी सोय.
तिच्यात रेलले तर वाटलं
आत्ता कुणीतरी आतून सुपारी आणून देईल.
कोण देणार?

न्हाव्याच्या खुर्चीत मान आपोआप मागे गेली.
नको बाई.

ट्रंकांच्या मागे, पंख्याच्या पात्यांखाली
मिटून उभा होता एक बाक.
सागाच्या पट्ट्या, लोखंडी बिजागऱ्या,
पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं ३७
आणि अर्धंच नाव: ‘…डवले मंडप, नाना पेठ’.
सागच ना? नखानं खरवडलं.
वास घेतला: कात, गुलाबपाणी, गोडाऊन.

लग्नाला हाच, मुनाफ म्हणाला,
दहाव्यालाही हाच जायचा.
बाकाला काय कळतंय.

मला वाटलं, कळत असणार.
लग्नात माणसं रेलून बसतात,
तिकडे पुढे सरकून, जेमतेम, कडेवर.
पुढची पट्टी बघा किती झिजलीय.

बाकीचे छत्तीस?
काही इंदापूरला गेले, काही बंबात.

तो साडेचार म्हणाला, मी अडीच.
त्यानं कानाला हात लावला, मी पिशवी उचलली.
तीन हजार दोनशेला
आम्ही दोघंही थोडे थोडे फसलो.

मिटतो म्हणून तर हवा होता.
कुणी आलं की उघडायचा, एरवी भिंतीला.
माझ्याकडे महिन्यातून दोनदा कुणी येतं,
त्यातला एक गॅसवाला.

धनकवडी. चौथा मजला. लिफ्ट सोमवारपासून बंद.
टेम्पोवाला खळदकर बाक पाठीवर घेऊन चढला,
मी मागून नुसतं ‘सांभाळून’ म्हणत.
तिसऱ्यावर निमकरबाईंनी दार किलकिलं केलं:
‘जुना घेतलात? नवे मिळतात की हल्ली.’

वर आल्यावर त्यानं न विचारता बाक उघडला
आणि बसला. मधोमध.
अख्खा तांब्या पाणी प्यायला.
माझ्या लग्नात असलेच होते, म्हणाला,
मी मात्र दिवसभर उभाच.
मग पैसे मोजून, शर्टानं तोंड पुसत गेला.

मी मिटायला गेले तर
डावी बिजागरी हलेना.
खोबरेल सोडलं. शिलाई मशीनचं तेल सोडलं.
लाटण्यानं दोन ठोके. तिसरा बोटावर.
बोट तोंडात धरूनच फोन लावला.
मुनाफ म्हणाला, दुकानात मिटलेलाच होता ना ताई,
तुमच्यासमोर.
होता खरा. उघडून मीच बघितला नव्हता.

दोरी सोडून आता स्वयंपाकघरात बांधलीय.
मी तीनच्या बाजूला बसते.
सातच्या बाजूला चष्म्याचं घर, पेपर,
कधी निवडायची मेथी.
संध्याकाळी खाली शाळेच्या बसमधून पोरं उतरतात,
त्यांची दप्तरं मोजते.

काल जिन्यात निमकरबाई म्हणाल्या,
मिटतो का हो तुमचा तो?
म्हटलं, या बघायला.
सातची बाजू पुसून ठेवलीय.